दोघींचा एक कॉम्प्युटर

अक्काची जीभ टाचणीसारखी होती. टोचायची, पण सुटे कागद एकत्र धरूनही ठेवायची.

घराच्या पुढच्या खोलीत तिचं टायपिंग आणि छपाईचं दुकान होतं. शाळेच्या प्रश्नपत्रिका, भाड्याचे करार, लग्नाच्या पत्रिका, गेलेल्या माणसाबद्दलच्या चार ओळी, सगळं एकाच कॉम्प्युटरवर व्हायचं. अक्का टाईप करायची आणि तिची धाकटी जाऊ मजकूर मांडून, तपासून छापायची. दोघींचे नवरे एकापाठोपाठ गेले तेव्हा लोक म्हणाले होते, आता ह्या दोघी एकमेकींच्या झिंज्या उपटणार. झिंज्या पिकल्या, पण जागेवरच राहिल्या.

धाकटीची लेक दूरच्या शहरात होती. फोन केला की तिचं एकच पालुपद, "आई, काम झेपेनासं झालं की इकडं यायचं. तेव्हा मी काही ऐकायची नाही." धाकटीने तसा शब्द देऊन ठेवला होता. लेकीचं घर चांगलं होतं, जावई तर सोन्यासारखा. पण तिथं दिवसभर करायचं काय? सोफ्यावर बसून दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातली भांडी वाजताना ऐकायची? "हात चालतात तोवर मी इथंच," धाकटी म्हणायची. "जा गं बाई, मला तरी घर मोकळं होईल," अक्का म्हणायची, आणि उठून तिच्यासाठी चहा टाकायची.

असं चाललं होतं, तेवढ्यात कॉम्प्युटरने कुरकुर सुरू केली. दुरुस्तीवाला आला. पोट सुटलेला, सावकाश गृहस्थ. डॉक्टर छाती ऐकतो तसा तो आधी मशीनचा पंखा ऐकायचा.

"मशीन धडधाकट आहे," तो म्हणाला. "आतली सिस्टिम म्हातारी झाली. तिला आता वाली नाही. फुकटातली घाला की. लिनक्स."

"फुकटचं पचतं का रे?"

"पचतं, अक्का. निवडणंच अवघड. एकाच आईच्या शंभर लेकी, आणि प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. पण पेन ड्राइव्हवरून चालवून बघता येते. मशीनमधलं काही पुसलं जात नाही. पसंत पडली तर ठेवायची, नाही तर परत खिशात."

"माणसांच्या बाबतीत अशी सोय असती ना, तर मी ह्या घरात आलेच नसते."

"मग माझं कसं झालं असतं?" धाकटी म्हणाली.

दुरुस्तीवाल्याने पहिली लावली ती हलकी. चटकन उठणारी, साधी, बटणं जवळपास जुन्याच जागी. अक्काने चार ओळी टाईप केल्या. बोट उचलायच्या आत अक्षर हजर. "हीच," अक्का म्हणाली. "हीच," धाकटीही म्हणाली.

दुसरी भारी होती. अंगभर दागिने घातल्यासारखी, आणि तिच्या ओझ्याने मशीनला धाप लागलेली. अक्काने 'क' दाबला तर तो विचार करून आला. पण तिच्यात एक भिंग होतं. दुरुस्तीवाल्याने दोन बटणं दाबली आणि अक्षरं टम्म फुगली. माऊस जाईल तिकडं भिंग मागं मागं.

"काही नको," धाकटी म्हणाली. "म्हाताऱ्यांचे चोचले!"

अक्काने चमकून पाहिलं. असं फटकन बोलणं हे अक्काचं खातं. धाकटी त्यात कधी हात घालत नसे.

दुरुस्तीवाल्याने पुन्हा हलकी लावून दिली आणि तो समोरच्या दुकानातला प्रिंटर बघायला गेला. अक्का पत्रिका कापत बसली. कापता कापता तिने सहज विचारलं, "त्या पडद्यावरच्या घड्याळात किती वाजले गं?"

धाकटी पडद्याकडे वाकली. "सव्वातीन."

अक्काने मान वर केली. पडद्यावर पावणेदहा होते. पेन ड्राइव्हवरून आलेल्या पाहुणीला इथली वेळ कुणी सांगितलीच नव्हती, ती आपली परमुलखाच्या वेळेने चालली होती. सव्वातीन वाजले होते ते भिंतीवर, मोठ्या काळ्या काट्यांच्या घड्याळात.

अक्काची कात्री थांबली. मग एकेक गोष्ट उलगडत गेली. "मोठ्याने वाचा ना जाऊबाई, कानाला चूक लवकर कळते," असं धाकटी हल्ली का म्हणायची. छपाईचं बटण ती न बघता दाबायची, आणि अक्का ते गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायची. आणि ही हलकी तिला एवढी का आवडली, तर बटणं जुन्या जागी होती म्हणून. डोळ्यांचं काम हात करत होते.

विचारावं, तर ती कबूल करणार. कबूल केलं की लेकीला दिलेला शब्द आला. न विचारावं, तर एक दिवस कुणाच्या तरी पत्रिकेत नवरीच्या जागी सासूचं नाव छापलं जाणार. अक्काने बराच वेळ कात्री नुसतीच उघडली आणि मिटली.

दुरुस्तीवाला परत आला. "मग, हलकी ना?"

"भारी घाल. भिंगवाली."

"मघाशी तर..."

"मघाचं मघाशी. मला आता अक्षरं धड दिसत नाहीत. म्हातारी झाले मी." हा शब्द अक्काने स्वतःसाठी आजवर कधी वापरला नव्हता.

"काल तर तुम्ही रस्त्यापलीकडच्या बाईची नवी कानातली ओळखलीत!" धाकटी म्हणाली.

"लांबचं दिसतं. जवळचंच दिसत नाही."

"अक्का, मशीन हळू चालेल हं," दुरुस्तीवाला म्हणाला.

"चालू दे. मला कुठं गाडी गाठायचीय?"

त्याने कामाच्या फायली आधी बाहेर काढून ठेवल्या, मग जुनं सगळं पुसून नवी सिस्टिम बसवायला लावली आणि तो पुन्हा समोरच्या प्रिंटरकडे गेला. पडद्यावर एक पट्टी मुंगीच्या पावलाने भरत होती. दोघी तिच्यासमोर बसून राहिल्या.

"जाऊबाई, तुम्हाला खोटं बोलता येत नाही. नाकपुड्या फुगतात."

"तुला दिसतात का नाकपुड्या?" अक्काच्या तोंडून निघून गेलं.

धाकटी पदराशी चाळा करत म्हणाली, "मधोमध धुकं आहे. कडेकडेचं दिसतं. डॉक्टर म्हणाले, चष्म्याने जायचं नाही, आहे ते सांभाळायचं."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तुम्ही काम काढून घेतलं असतं. मायेनेच घेतलं असतं. आणि मग मी लेकीच्या सोफ्यावर."

ते खरं होतं. अक्काने विचारलं, "जायचंय तुला?"

"नाही."

"मग शब्द काय दिलायस? काम झेपेनासं झालं की. झेपतंय अजून. लेकीला सगळं खरं सांग, आणि भिंग घेतलंय तेही सांग."

धाकटीने सांगितलं. लेक रडली, चिडली, डॉक्टरचा नंबर मागून घेतला, पण ये म्हणाली नाही.

भिंगाखाली एकेक अक्षर तळहाताएवढं व्हायला लागलं. आठवडाभरातच एक गिऱ्हाईक तावातावाने आत शिरलं. त्याला घर भाड्याने हवं होतं, म्हणून मालकाला द्यायचा अर्ज त्याने इथं टायपिंगला टाकला होता.

"बाई, माझा पगार मी पलीकडच्या फुटपाथवरून वाचला! साऱ्या गल्लीने वाचला असेल!"

आता टेबल फिरवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. ते दाराशी आडवं होतं, पडदा बाजूने रस्त्यावरून दिसायचा. तो बसणारीच्या पाठीआड करायचा म्हणजे अक्काच्या खुर्चीची पाठ दाराकडे जाणार. इतकी वर्षं ती टाईप करता करता येणारी-जाणारी माणसं बघत आली होती.

"तुमचा रस्ता गेला की," धाकटी म्हणाली.

"गेला तर गेला. रोज तेच चेहरे. उचल तुझी बाजू."

दोघींनी टेबल फरपटत फिरवलं. धाकटी बसली, तिने भिंग अर्जावरून सावकाश नेलं आणि थांबली. "जाऊबाई, ह्यांच्या पगारात एक शून्य जास्त पडलंय तुमच्याकडून."

"राहू दे. घर लवकर मिळेल बिचाऱ्याला."

"जाऊबाई!" म्हणत धाकटीने पुसायचं बटण दाबलं. मशीनने जरा विचार केला, आणि मग ते शून्य गेलं.