पहिली नळी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालासुद्धा नाही. आज सांगायला बसलेय.

भोपाळच्या एका प्रयोगशाळेत मी तोंडाच्या कॅन्सरवर काम करते. पेशींत आरएनएचे इवले इवले तुकडे असतात — कुठलं जनुक किती चालू द्यायचं, यावर त्यांचा वचक. त्यातल्या काहींचं प्रमाण बिघडलं की पेशी बेलगाम वाढू शकतात. हे तुकडे रक्तातही सापडतात. म्हणून आम्ही रुग्णांचं रक्त धडधाकट माणसांच्या रक्ताशी ताडून पाहत होतो.

पण धडधाकट माणसं आणायची कुठून? आमच्या शाहपुरा वस्तीतल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवातून! वाण लुटून झालं, संमतीच्या रीतसर सह्या घेतल्या. रक्त द्यायला बायका कचरत होत्या. पहिला हात पुढे केला शेजारच्या कुसुमकाकूंनी — मूळच्या नागपूरच्या. "घे ना बाप्पा, भरपूर आहे!" चिवडा मात्र त्यांनी खाल्ला नाही. तोंड आलंय म्हणाल्या. मी ऐकलं होतं ते.

आलेख छान येत होता — रुग्ण वर, धडधाकट खाली. एकच आगाऊ ठिपका रुग्णांत जाऊन बसला. पहिली नळी. काकूंची.

मी काय केलं? रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या तर आकडे उगाच वर जातात. असा नमुना आम्ही बाद करतो. मी रजिस्टरात लिहून टाकलं — 'पेशी फुटल्या, बाद.' नळी बघितलीसुद्धा नाही. फ्रीजर चार पावलांवर होता हो! आलेख देखणा झाला, पेपर छापून आला, प्रयोगशाळेच्या सरांनी पेढे वाटले. मीही खाल्ले.

आठ महिन्यांनी कळलं, काकूंच्या जबड्याचं ऑपरेशन आहे. तशीच फ्रीजरकडे गेले. नळीत आम्ही पेशी काढून उरलेलं रक्ताचं पाणी गोठवतो; पेशी फुटल्या असत्या तर ते गुलाबी दिसलं असतं. वितळवून पाहिलं — पिवळं. स्वच्छ, लख्ख पिवळं. बाई गं!

एका ठिपक्यावरून निदान होत नाही, ठाऊक आहे मला. पण 'काकू, तोंड दाखवून या' — एवढं म्हणायला काय जात होतं माझं?

काल वॉर्डात गेले. अर्धा जबडा काढलाय, बोलणं बोबडं झालंय. नर्सला म्हणाल्या, "ये हमारी बेटी है. इसकी रिसर्च में मेरा भी खून है." मग माझ्याकडे वळून, "पास झालं होतं ना गं माझं रक्त?"

"एकदम पास, काकू," मी म्हणाले.

रजिस्टरात अजून 'बाद'च लिहिलेलं आहे.