थेंबाथेंबाने चालणारे साहेब

आमच्या लॅबवाल्या साहेबांइतका सावकाश माणूस अख्ख्या सिल्वासात झाला नाही, आणि तिथे ज्या घाईने कारखाने उभे राहत होते ते बघता पुढे होईल असंही वाटत नाही. नव्वदचं दशक सरत आलेलं. सायलीतल्या आमच्या औषधाच्या कंपनीत पॅकिंगवाल्यांचे हात मशीनशी शर्यत लावायचे, आणि मागच्या खोलीत हे गृहस्थ काचेच्या नळीतून एकेक थेंब सोडत बसायचे. माझा हात स्थिर बघून मदतनीस म्हणून त्यांनी मला पॅकिंगमधून मागून घेतलं. मी सातवीतच शाळा सोडून शिरपूरकडून पोटासाठी आलेला. 'नाही' म्हणायची माझी काय बिशाद!

काम असं: कोळंबीच्या टरफलांपासून काढलेली भुकटी आंबट पाण्यात विरघळवायची, आणि ते पाणी फिरत असताना त्यात दुसऱ्या एका क्षाराचं पाणी थेंबाथेंबाने सोडायचं. त्यातून म्हणे डोळ्यांना न दिसणारे कण बनतात, आणि औषध त्यांच्या पोटात बसून अंगात हव्या त्या जागी जाऊन उतरतं. "म्हणजे एसटीच ना, साहेब?" मी एकदा विचारलं. साहेब विचारात पडले. जेवणाची सुट्टी झाली, संपली. मग म्हणाले, "हो. पण... ही... वेळेवर... पोचते."

स्वतः कांदासुद्धा न खाणारा हा माणूस टरफलांसाठी बाजारात दुधनी गावाहून येणाऱ्या मासेवालीपुढे उकिडवा बसायचा. ती कपाळाला हात लावायची. "काय रे बाबा, कोळंबी मला ठेवतोस नि कचरा घरी नेतोस? बायको नांदते तरी कशी तुझ्याकडं?" साहेबांचं लग्नच झालं नव्हतं. होकार द्यायला त्यांनी इतका वेळ लावला की मुलीचं दुसरीकडे जमलं, असं पॅकिंगमध्ये बोलत. मला ते खरं वाटायचं. कारण चहात दूध थेंबाने, भातावर वरण थेंबाने. वरण पडेस्तोवर भात गार. "घाईने... ओतलं... की... फाटतं," एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. एकदा लाइट गेली, ढवळणी थांबली आणि सगळं पाणी नासक्या दुधासारखं फाटलं. फेकून देतील म्हटलं, तर ती बाटली त्यांनी देवासारखी फळीवर मांडली, रोज चूक डोळ्यांसमोर राहावी म्हणून. साधलेला माल मात्र कपाटात, कुलपात. किराणा दुकान काढलं असतं तर पहिल्याच दिवशी बुडाले असते.

अशात कंपनीच्या मालकाचा, शेठचा निरोप आला: स्वतः येऊन बघतो, काही दिसलं तर ठीक, नाहीतर लॅब बंद. लॅब बंद म्हणजे मी गावी. पॅकिंगमधली माझी जागा कधीच भरली होती, आणि गावी आई माझ्याच भरवशावर.

शेठ आले. साहेबांनी कपाटातून सगळ्यात चांगली बाटली काढली. शेठनी ती उजेडात धरली. "आ तो पाणी छे!" साहेबांनी टॉर्च मारला, पाण्यात निळसर, धुरकट रेघ उमटली. ती रेघ म्हणजेच त्या न दिसणाऱ्या कणांची खूण. शेठ म्हणाले, "टॉर्च सारी छे," म्हणजे टॉर्च चांगला, एवढंच. मग त्यांची नजर फळीवर गेली. "अरे, हा बघा माल! दिसतो तरी! हाच बनवा. मंजूर!"

माझ्या जिवात जीव आला. शेठच्या पाठीमागून मी साहेबांना हात जोडले. एरवी उत्तराला जेवणाची सुट्टी घालवणारा माणूस. आज नेहमीइतका उशीर केला असता, तर मंजुरी तशीच ठेवून शेठ गाडीत बसून निघून गेले असते. पण सत्याच्या बाबतीत मेले हे लोक कुठून चपळ होतात कोण जाणे! "हा... बिघडलेला... आहे," साहेब म्हणाले.

"तर मग बंद करा," म्हणत शेठ दाराकडे वळले. आणि साहेब एका दमात बोलले, "शेठ लॅब घ्या मलाही काढा पण ह्याला सिरप खात्यात घ्या असा हात तुम्हाला मिळायचा नाही ह्याला गावी पाठवू नका." ना थांबा, ना श्वास. शेठ दचकले, आणि बहुधा दचकूनच "बरं" म्हणाले.

साहेबांनी जन्मात घाईने ओतलेलं ते एवढंच. आणि ते फाटलं नाही. मी अजून सिरपमध्ये आहे.

ते सिल्वासा सोडून गेले तेव्हा मी बसपर्यंत सोडायला गेलो होतो. खिडकीतून म्हणाले, "तुझ्या... हाताला..." आणि बस सुटली. आता सिरपच्या टाकीवर उन्हाची तिरीप त्या टॉर्चसारखी पडली की माझा हात आपोआप सावकाश होतो. वाटतं, त्या वाक्याचा पुढचा थेंब अजून पडायचाय.