विरलेली गुठळी

अवधान हा गुण मोठा निगर्वी. शौर्याला रणांगण लागते, दानाला याचक. अवधानाला न ढळणारी दृष्टी तेवढी पुरते, आणि तिची महती बहुधा ती ढळल्यावरच कळते.

रुग्णालयाच्या जंतुपरीक्षा विभागातल्या बाईंपाशी ती दृष्टी होती. जखमेतला जंतू रक्तद्रवाच्या नळीत सोडायचा, नळी उबेला ठेवायची आणि दर तासाला अलगद कलती करून पाहायची, हे त्यांचे व्रत. गुठळी धरली की जंतू घातक. त्याने सोडलेले एक विकर, म्हणजे एन्झाइम, आपल्याच रक्ताचे तंतू त्याच्याभोवती पांघरते. राखणीच्या पांढऱ्या पेशी त्याला घरचाच समजून पुढे जातात. मागाहून दुसरे विकर ते पांघरूण विरवते आणि जंतू मोकळा पसरतो.

"बाई, गुठळी काय पाय फुटून पळणार आहे?" शेजारच्या टेबलावरची सहकारीण चिडवी.

"पळतेच, बये. दुपारी असते, दुसऱ्या सकाळी नसते."

पुढे बाईंच्या यजमानांच्या तळव्यात पटाशी घुसली. ते सुतार. हात कोपरापर्यंत सुजला, ताप चढला, त्याच रुग्णालयात खाट मिळाली. त्यांच्या जखमेतला जंतू बाईंनीच नळीत सोडला, त्यांना भेटायला गेल्या आणि परत निघाल्या, तोच ते म्हणाले,

"अगं, जन्मभर नळ्याच बघितल्यास. आज माझं तोंड बघ की."

"काय बघायचंय त्यात? दाढी तरी केलीय का?" म्हणत बाई बसल्या. खाली विभागात निरोप धाडून नळी सहकारिणीवर सोपवली.

त्या दिवशी विभागात नमुन्यांची रीघ लागली. सहकारिणीला नळी आठवली ती दुसऱ्या सकाळी. रक्तद्रव पाण्यासारखा वाहत होता. गुठळी नाही, असे तिने कळवले. जंतू निरुपद्रवी ठरला आणि डॉक्टरांनी सुरू केलेले जालीम औषध थांबवले.

ताप भडकला तेव्हा बाई खाली धावल्या.

"त्या दुपारी नळी पाहिली होतीस?"

"नाही. सकाळीच पाहिली," सहकारीण म्हणाली.

बाईंनी नवी नळी लावली आणि तिच्यासमोर बसून राहिल्या. दुपारी कलती केली. गुठळी जागची हलली नाही. औषध पुन्हा सुरू झाले, पण तोवर जंतू रक्तात भिनला होता. यजमान गेले.

बाईंनी सहकारिणीला कधी बोल लावला नाही. त्या दिवशी आपण उठायला हवे होते का, हे मात्र त्या स्वतःला विचारत राहिल्या. यजमानांचे तोंड पाहत बसल्याचा पश्चात्ताप त्यांना करवला नाही, आणि न केल्याची टोचणीही सुटली नाही.

आता बाई नाहीत. त्यांच्या खुर्चीवर ती सहकारीण बसते. दर तासाला नळी कलती करते, आणि दुपारी जागची उठत नाही.