साहेबाचं मांजर

लग्न होऊन मी खेडहून पिंपरीला आले तेव्हा माझ्याबरोबर भांडीकुंडी आली आणि माझा रंग आला. भांडीकुंडी सासरी आनंदाने आत घेतली. रंगाचं काय करायचं ते आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूने, आल्या आल्याच ठरवून टाकलं. रोज अंघोळीआधी डाळीचं पीठ आणि दुधावरची साय तोंडाला चोळायची. "घासलं की उजळतंय. न्हाई कसं!" असं त्या म्हणायच्या. त्या निघोजे गावच्या, बोलणं खडबडीत, पण मनात पाप नव्हतं. मी मुकाट्याने चोळायचे. आरशात बघायचं मात्र मी सोडून दिलं होतं.

हे कारखान्यात फिटर होते. यंत्रं बसवायला आलेला एक गोरा साहेब ह्यांच्या कामावर खूश होता. त्याच्या मडमेच्या मांजरीला पिल्लं झाली, तेव्हा तिने एक ह्यांच्या हाती आमच्याकडे पाठवलं. पिल्लू कसलं, कापसाचा बोळा! पांढरंशुभ्र, डोळे निळे, तेही जरासे तिरळे, आणि शेपटीच्या टोकाला एक बारीक गाठ. साहेबाचं मांजर बघायला सगळी चाळ लोटली. आत्याबाईंनी तर त्याची दृष्ट काढली.

हळूहळू त्याचं नाक मळकट दिसू लागलं. मग कान, मग पंजे, मग शेपूट. शेगडीत तोंड घालत असेल म्हणून मी कोळशाचं पोतं झाकून ठेवलं, तरी तेच. शेजारीण म्हणाली, "सूनबाईचा गुण लागला वाटतं मांजराला!" सगळ्या हसल्या. मीही हसले, नाहीतर करणार काय? नंतर मोरीत जाऊन रडले.

तशात ह्यांनी सांगितलं, मडम पिल्लाला बघायला येणार आहे. आत्याबाईंनी मांजर उचलून माझ्या हातात दिलं. ह्यांची नोकरी अजून कायम व्हायची होती. "आपल्या घरात येऊन काळं पडलं म्हनल्यावर सायेब काय म्हनंल? घास त्याला."

घासलं. डाळीचं पीठ झालं, रिठा झाला. थंडीचे दिवस, नळाचं गार पाणी. आणि मांजर तरी कसं! आमच्या गावाकडची मांजरं भूक लागली की पायात येतात, एरवी ओळख देत नाहीत. हे पिल्लू दिवसभर माझ्या मागे मागे, मी बसले की खांद्यावर. बोलायचं तर सारखं, तान्ह्या पोराने हट्ट करावा तशा भसाड्या आवाजात. घासताना तर चाळ डोक्यावर घ्यायचं, आणि सोडलं की ओलं अंग घेऊन पुन्हा माझ्याच मांडीत. त्याचा माझ्यावरचा तो विश्वास आठवला की आजही मान खाली जाते.

मडम आली. मांजराला बघताच तिने त्याला उचलून त्याच्या काळ्या नाकावर ओठ टेकले. हे साहेबाच्या हाताखाली मोडकंतोडकं इंग्रजी शिकले होते, तिचं बोलणं त्यांनी आम्हाला सांगितलं, "सयाम देशातली जात आहे. तिकडे राजवाड्यात पाळायचे म्हणे. जन्मतात पांढरी, मग तोंड-कान-पाय काळे होत जातात. तीच त्यांची शोभा. अंगाला जिथे गारवा लागतो तिथे रंग जास्त चढतो."

म्हणजे माझ्या गार पाण्याने तो आणखीच चढला होता! मी जमिनीकडे बघत उभी राहिले. तेवढ्यात मडमेचं बोट त्याच्या कानापाशी थांबलं. तिथले केस गेले होते, कातडी लाल झाली होती. तिने काहीतरी विचारलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काळं पडायला लागलं म्हणून," मी पुटपुटले. "डाळीच्या पिठाने घासत होते. आम्ही घासतो तसं."

हे अडखळत तिला सांगू लागले. ऐकता ऐकता तिची नजर मांजरावरून उठली आणि माझ्या तोंडावर येऊन थांबली. त्या नजरेत राग असता तर मी सोसला असता. ती मायेने बघत होती, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पदर पार नाकापर्यंत ओढला. मग तिने ह्यांना एक लहानसा प्रश्न विचारला. आत्याबाई चहा ठेवते म्हणून आत गेल्या.

मडम गेल्यावर मी विचारलं, "अहो, शेवटी काय विचारत होती?"

"काही नाही."

"सांगा ना."

"तुमच्या घरात काळं तोंड नेमकं कुणाला आवडत नाही, असं विचारत होती."

"मग? काय सांगितलंत?"

हे उठले आणि फळीवर, खुंटीवर, खिशात सायकलचं कुलूप शोधू लागले. कुलूप दाराबाहेरच्या सायकललाच होतं. दार उघडं होतं, दोघांनाही दिसत होतं.