आईच्या उजव्या अंगठ्याचं नख

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे घरातल्या सगळ्या अवघड गोष्टी माझ्याकडे येतात. बँकेचा मेसेज, गॅसचं बुकिंग, मिक्सरबरोबर आलेलं इंग्रजी पत्रक. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि यातलं काहीच आम्हाला शिकवत नाहीत. पण तसं सांगितलं की आईचा चेहरा पडतो, म्हणून मी सांगत नाही. आईच्या उजव्या अंगठ्याचं नख तुटायला लागलं, तेव्हा तेही माझ्याकडेच आलं.

आगाशीच्या पुढे आमची वाडी आहे. केळी, सुपारी, आणि त्यांच्या सावलीत पानवेल. विड्याचं पान खुडायला फार काही लागत नाही. देठाच्या मुळाशी अंगठ्याचं नख टेकवायचं, खालून तर्जनीचा आधार द्यायचा आणि टच् करून तोडायचं. देठ पानाबरोबर यायला हवा आणि वेलीची साल निघता कामा नये. एवढंच. पण नख नसेल तर एवढंही होत नाही.

शेजारच्या वाड्यांत यासाठी नखी वापरतात. अंगठ्यात टोपीसारखी बसणारी पोलादी पट्टी, तिला पुढे नखाएवढी धार. आमच्याकडे ती चालत नाही. माझी आजी सांगून गेली होती की वेलीला लोखंड लागलं की वेल रुसते. शेजाऱ्यांच्या वेली वर्षानुवर्षं लोखंड लागूनही हिरव्यागार आहेत, पण आमची वेल आमच्या घराण्यातली. ती कशानेही रुसू शकते.

आजीचा दुसरा नियम असा, की दोन्ही मुलांच्या घरांनी खुडणीला एकेक माणूस द्यायचं. आमच्या घरातून आई आणि काकांच्या घरातून काकी. दोघी रोज सकाळी ऊन चढायच्या आत वेलीत शिरतात. आमचं कॉलेजही सकाळचंच. आईचं नख चाललं नाही तर आमच्या घरातून कोण जाणार, हे मला बी.कॉम. न करताही कळत होतं.

नख आधी कडेने फाटलं. मग त्याचे कांद्याच्या पातीसारखे पापुद्रे सुटायला लागले. आईने ते कापलं, वाढू दिलं, पुन्हा फाटलं. तोपर्यंत ती तर्जनीच्या नखाने भागवत होती, मग तेही गेलं. टोपली भरायला उशीर व्हायला लागला. काकी आईपेक्षा धाकटी जाऊ, त्यामुळे ती टोमणासुद्धा आदराने मारते.

"ताई, तुम्ही बसा हो सावलीत. तुमच्या हिची नखं बघितलीत का? देवाने कशी घडवून दिलीत!"

"देवाने नाही, बसून खाल्ल्याने," आई म्हणाली. "आणि तिची नखं पानं उलटायला आहेत. पुस्तकाची."

"मग आपली पानं कोण खुडणार?"

"मी."

"कशाने?"

रात्री जेवताना आईने अंगठा माझ्या ताटाजवळ आणून ठेवला आणि म्हणाली, "तुझ्या त्या मोबाइलात बघ गं जरा याचं काय ते."

मी बघितलं. मी मनापासून बघितलं हे मला नमूद करावंसं वाटतं, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या मनापासूनपणाचा मोठा वाटा आहे. नखं का तुटतात, यावर पुष्कळ माहिती होती. हात सारखे पाण्यात असल्याने, साबणाने, वयाने, अंगात रक्त कमी असल्याने. उपायही होते आणि बहुतेक ठिकाणी पहिला उपाय एकच होता. मी तो वाचून दाखवला.

"नखांचा हत्यारासारखा वापर करू नका."

आईने अंगठा उलटसुलट करून बघितला. "मग काय शोभेला ठेवायची? दुसरा सांग."

दुसरा, भांडी घासताना रबरी हातमोजे घाला. मी विरारहून हातमोजे आणले. आईला ते इतके आवडले की खराब होऊ नयेत म्हणून तिने ते कपाटात साड्यांवर ठेवले. तिसरा, रात्री कोमट खोबरेल तेलाने नखं चोळा. हा तिला पटला, कारण खोबरेल घरचं होतं. मी रोज रात्री तिची बोटं चोळायचे आणि उरलेलं तेल वाया नको म्हणून माझ्या नखांना लावायचे. चौथा, डॉक्टरांना दाखवून रक्त तपासा.

"नख तुटलं म्हणून रक्त काढायचं? केस गळले तर काय, पाय कापतील?"

थोडक्यात सांगायचं तर उपाय लागू पडले. माझी नखं गुलाबी आणि टणक झाली. आईचं नख होतं तसंच राहिलं.

मग मला ती कल्पना सुचली. नायगावच्या नव्या टॉवरमध्ये राहणारी माझी एक मैत्रीण नखांवर नखं लावून घेते. खोटी, प्लास्टिकसारखी, पण इतकी पक्की की ती त्या नखांनी थंड पेयाचा कॅन उघडते. ते बघताना माझ्या डोक्यात आलं की ही नखं लोखंडाची नाहीत. म्हणजे आजीचा नियम मोडत नाही.

घरी हे मांडल्यावर रीतसर चर्चा झाली. बाबा म्हणाले, त्यांना यात ओढू नये. काकीने आजीच्या नावाने हरकत घेऊन बघितली.

"आईंना चाललं नसतं."

"आई लोखंड म्हणाल्या होत्या," आई म्हणाली. "प्लास्टिकबद्दल त्या काही बोलल्या होत्या का?"

"त्यांच्या वेळी होतं कुठे?"

"मग झालं तर!"

एका रविवारी आम्ही नायगावला गेलो. पार्लर काचेचं होतं, आत थंडगार. आई दारात चप्पल काढून अनवाणी आत गेली, कारण वेलीतही ती तशीच जाते आणि नखाचं काम तिच्या मते तेच होतं. खुर्चीवर बसून तिने फक्त उजवा अंगठा पुढे केला.

"आंटी, पूरा सेट करायचा ना? दहा बोटं?" पार्लरवाल्या मुलीने विचारलं.

"एकच."

"एकच? शेप कोणता देऊ? गोल, चौकोनी, बदामी?"

आईने पर्स उघडून रुमालात गुंडाळलेली पानांची एक डहाळी काढली आणि टेबलावर ठेवली. "हे खुडता येईल असा."

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. पण मुलगी चांगली होती. तिने नख चढवलं, घासलं, आईने एक पान खुडून बघितलं. "जाड आहे, चेपतंय." मुलीने आणखी घासलं. पुन्हा एक पान. "आता बरं. जरा तिरकं कर." शेजारच्या खुर्चीवरची बाई पायाचं काम थांबवून बघायला लागली. शेवटचं पान असं टच् करून आलं की आईचा चेहरा उजळला.

"आंटी, पान खानेवाले बहुत देखे," मुलगी म्हणाली, "तोडनेवाली पहली बार आयी. चमकी लावू? फ्री आहे."

आईने लाजत लाजत एक चमकी लावून घेतली आणि खुडलेली पानं सगळ्यांना वाटून आली.

पुढचे काही दिवस आमच्या वाडीत सुवर्णकाळ होता. आई काकीच्या आधी टोपली भरून बांधावर येऊन बसायची आणि अंगठा उगीचच उन्हात धरायची. काकी आपल्या ओळीतून मान वर काढून बघायची आणि अंगठ्याला गुंडाळलेली चिंधी नीट करायची. काकीच्या अंगठ्याला चिंधी असतेच. चिकाने कातडी फाटते, असं ती सांगते. मी लहान असल्यापासून ती चिंधी बघत आले आहे.

मग एका सकाळी, पानं केळीच्या पानांत बांधून टोपल्या टेम्पोत चढवून झाल्यावर, आईने घाम पुसायला हात वर केला आणि तसाच धरून ठेवला. अंगठ्यावर नख नव्हतं. आम्ही वेलीखाली शोधलं, बांधावर शोधलं. टेम्पो तोवर निघून गेला होता. दुपारी बाजारातल्या व्यापाऱ्याचा बाबांना फोन आला. तो आम्हाला ऐकू यावा म्हणून बाबांनी स्पीकरवर टाकला, किंवा त्यांना घाबरून बंद करता आला नाही.

"शेठ, पानात आम्ही चुना घालतो, कात घालतो, सुपारी घालतो. तुम्ही बाईचं नख घालून पाठवलंत. चमकीवालं. गिऱ्हाईक काय म्हणेल?"

बाबा काय बोलले ते आठवत नाही. खोट्या नखाखालचं आईचं खरं नख मात्र मला आठवतं. ते ओल्या कागदासारखं झालं होतं आणि मध्यापर्यंत फाटलं होतं. काकी म्हणाली, "ताई, आता तरी हिला येऊ द्या." या वेळी आईने नाही म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही. ती आमच्याकडे पाठ करून भांडी विसळत राहिली, हातमोज्यांशिवायच.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला गेले नाही. कुणी सांगितलं नव्हतं. टोपली घेऊन मी वेलीत शिरले, अनवाणी, माझ्या दहा निरोगी, तेल पाजलेल्या नखांसह. नख एकदाही तुटलं नाही. बाकी सगळं तुटलं. देठ मधेच तुटले, कोवळी पानं तुटली, एका ठिकाणी वेलीची साल वीतभर माझ्या हातात आली. आई बांधावरून सांगत होती, "खालून, खालून! अगं, ते नाही, त्याच्या मागचं!" आणि मी प्रत्येक वेळी ते नाही तेच तोडत होते.

काकी आपल्या ओळीतून आली. तिने माझ्या टोपलीत हात घालून दोनचार पानं उलटून बघितली, मग त्या सोललेल्या वेलीकडे बघितलं.

"बाहेर ये," ती म्हणाली.

"काकी, जमेल मला हळूहळू."

"तोवर वेल राहायला हवी ना! बाहेर ये म्हणते."

मग तिने दातांनी गाठ सोडून अंगठ्यावरची चिंधी उलगडली. आत नखी होती. पोलादी, चिकाने काळी पडलेली, कडा झिजलेली.

आईने नखीच्या धारेवरून बोट फिरवलं. "किती वर्षं?"

"लग्न झाल्याच्या दुसऱ्या पावसापासून. माझी नखं माहेरचीच मऊ. आईंना सांगायची छाती होती का कुणाची?"

"आणि मला? मला गेले चार महिने बसा सावलीत म्हणतेस!"

"तुम्ही आईंच्या वरताण आहात ताई, खरं सांगते. तुम्हाला मी जास्त घाबरायचे."

आईने काकीच्या ओळीकडे बघितलं. त्या ओळीला इतकी वर्षं लोखंड लागत होतं आणि पानं हाताएवढी होती. वेल रुसली असेल तर मनातल्या मनात. आई मोठ्याने भांडेल, असं मला वाटत होतं. ती म्हणाली, "जास्तीची आहे का गं?"

जास्तीची होती. तांदळाच्या डब्यात.

आता आई नखी वापरते. त्यानंतर तिने रक्तही तपासून घेतलं, कारण आता घाई नव्हती. रक्त कमी निघालं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. "बाहेरून लोखंड, आतून लोखंड," काकी म्हणते, "ताई, आता तुम्ही गंजू नका म्हणजे झालं." नखीच्या आत नख सावकाश भरून येतंय. नखांचा हत्यारासारखा वापर करू नका, हा पहिला उपाय आमच्याकडे असा सगळ्यात शेवटी पाळला गेला.

चिंधी मात्र दोघीही गुंडाळतात. बाबांना, काकांना, गड्यांना, सगळ्यांना आत काय आहे ते माहीत आहे. मी एकदा विचारलं की आता कुणापासून लपवायचं. आईने वेलीकडे डोळ्यांनी खूण केली आणि मला गप्प राहायला सांगितलं.

एका हाताने ती गाठ बसत नाही. म्हणून रोज सकाळी बस पकडायच्या आधी, दप्तर पाठीला लावून, मी बांधावर थांबते आणि आईच्या अंगठ्याला चिंधी बांधते. माझी नखं मजबूत आहेत, गाठ घट्ट बसते. परवा आईचं झाल्यावर निघाले, तर समोर काकीचा अंगठा.

"माझीपण मार. इतकी वर्षं दातांनी बांधतेय. आता दात हलायला लागलेत."

मी बांधली. "घट्ट मार," काकी म्हणाली. "आणि जा लवकर, बस चुकली तर तू पुन्हा वेलीत येशील."