पडायची शिकवणी

वीस वर्षं मी पडद्यावर मार खाल्ला, दुसरं काही केलं नाही. हिरोची पहिली लाथ ज्याच्या पोटात बसते, तो मी. काचेतून पडलो, जिन्यावरून पडलो, चालत्या मोटरसायकलवरून पडलो. एकदा खाली ठेवलेली गादी सरकली होती, दोन बरगड्या गेल्या. डायरेक्टर म्हणे, वा, हेच पाहिजे होतं. मीबी येडा बह्याड, खुश झालो.

या धंद्यात मारणाऱ्यापेक्षा मार खाणाऱ्याले जास्त यावं लागते. मारणारा आपला हात तोंडाच्या चार बोटं अलीकडे थांबवते, बाकीचं सारं आपण करायचं. हनुवटी छातीत घ्यायची, श्वास सोडायचा, खांद्यावर लोळण घ्यायची. कधी हिरोचा डुप्लिकेट, कधी गुंड, कोणीबी झालो तरी मारायची पाळी आली की मीबी तसाच चार बोटांवर हात थांबवायचो. गावाकडे, नेरले घरी आलो की चौकात लोकं म्हणत, भाऊ, एकदा पडून दाखवा ना. मी चहाचा कप खाली ठेवून पडायचो.

दिवाळीच्या आधी बहिणीले आणायले दारव्ह्याले गेलतो. ती माह्यापेक्षा सात वर्षांनी लहान. लग्नाले नऊ वर्षं झालेली, घरात नवराबायको दोघंच, नवऱ्याचं बाजारात खत-बियाण्याचं दुकान. आमच्याकडे जवायासमोर कोणी आवाज चढवत नाही. वयानं मोठा असून मी त्यांना 'अहो जवाईबुवा' करायचो, ते बसल्याशिवाय बसत नव्हतो.

जवाई दुकानात होते. बहिणीनं चहा दिला अन् म्हणाली, दादा, मले पडायचं शिकव. कायले, विचारलं, तर महिला मंडळाचं नाटक बसवून राह्यलो म्हणे.

मले केवढा आनंद झाला काय सांगू! वीस वर्षांत माही विद्या कोणी मागितली नव्हती. अंगणात गोधडी टाकली अन् शिकवणी सुरू. अर्ध्या तासात ती असं पडायले लागली की आमच्या फाइट मास्टरनं तिले कामावर ठेवलं असतं. मग तिनं स्वतःच गोधडी काढून टाकली. म्हणे, खाली फरशी असते तेव्हा कसं? सांगितलं. मागं भिंत असली तर? तेही सांगितलं. अन् कोणी केस धरून ओढलं तर?

"मान ढिली सोडायची अन् ओढीच्या बाजूनंच जायचं," म्हणत दाखवायले मी हात पुढं केला.

ती भिंतीले जाऊन चिकटली. दोन्ही हात डोक्यावर, डोळे गच्च मिटलेले. डोक्यावरचा पदर खाली आला होता. कानामागं रुपयाएवढ्या जागेत केसच नव्हते, नुसती लाल कातडी.

कोणतं नाटक अन् कोणतं मंडळ. तिनं गोधडी उचलली, झटकली अन् घडी करायले लागली.

तेवढ्यात जवाई जेवायले आला. त्या घडीपासून माह्या तोंडातला 'अहो' गेला तो गेलाच. चप्पल काढायच्या आधीच मी त्याची कॉलर धरली अन् सारा जीव लावून ठोसा मारला.

ठोसा त्याच्या गालाच्या चार बोटं अलीकडे थांबला.

दुसरा मारला, तोही थांबला. आईशप्पथ, मी थांबवत नव्हतो, हातच थांबत होता. जवायानं माह्या हाताकडे पाह्यलं, त्याले समजलं अन् तो हसला. मग त्यानं मारलं. माहा दात ओठात घुसला अन् मी पडलो. हनुवटी छातीत, श्वास सोडून, खांद्यावर लोळण, एकदम फर्स्टक्लास. त्यानं पोटात तीन लाथा घातल्या अन् तिले म्हणाला, "पाह्यलं? तुह्या भावाले हेच येते."

मग तो तिच्याकडे वळला. केसांत हात घातला अन् ओढलं. तिनं मान ढिली सोडली अन् ओढीच्या बाजूनं गेली. धुण्याच्या दगडाजवळ तिच्या हाताले धोपाटणं लागलं.

तिचा हात कुठंच थांबला नाही. पहिला घाव कोपरावर बसला, हाड वाजलं. दुसरा गुडघ्यावर. जवाई तोंड वर करून, हात पसरून धाडकन पडला. त्याले पडता येत नव्हतं. तो ओरडत होता, ती मारत होती, अन् मी जमिनीवरून पाहत होतो. तिले अडवावं असं मले एकदाही वाटलं नाही. थकली तेव्हा तिनंच धोपाटणं खाली ठेवलं.

शेजारचे धावत आले, त्याले उचलून दवाखान्यात नेलं. बहिणीची बॅग दिवाळीसाठी भरलेलीच होती. आम्ही स्टँडवर जाऊन नेरच्या जीपमध्ये बसलो. मले तिच्याकडे पाह्यची लाज वाटत होती. तिनं बाटलीतल्या पाण्यात पदर भिजवला, माहा फुटलेला ओठ पुसला.

"दादा, जास्त लागलं का?"

"नाही, कुठं लागलं," मी म्हटलं.

तिनं पदर पिळला.

"मीबी फोनवर तुले हेच सांगत होती," ती म्हणाली. "नऊ वर्षं."