नौशीनवर आलेला आळ

हे माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. त्याला मी बाकी सगळं सांगते – भाजी निवडताना, गाडीवर मागं बसून, कुठंही. हे मात्र जिभेवर येतं आणि मी विषय बदलते. तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून की काय कोण जाणे.

मी नांदेडला कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. त्यातला माझा आवडीचा भाग मानवतावादी विचारांचा. माणूस म्हणजे बिघडलेलं यंत्र नव्हे. त्याला जसा आहे तसा ऐकून घेणारं कुणी भेटलं, की तो आपली वाट आपणच शोधतो – हे मी सांगते तेव्हा मुलं लिहायची थांबून माझ्याकडं बघतात. ऐकणाऱ्याकडं काय हवं? समानुभूती. विनाअट स्वीकार. आणि सच्चेपणा – आत एक, बाहेर एक असं नको. या शेवटच्याशी आले की मी फळ्याकडं वळते. उगीच काहीतरी लिहीत राहते.

त्याआधी मी लातूरला होते. डॉक्टरकीच्या प्रवेशाची तयारी करून घेणाऱ्या एका क्लासमध्ये समुपदेशक. जिन्याखालची छोटी खोली, समोरासमोर खुर्च्या. संचालकांना त्या खोलीचं कौतुक नव्हतं. "नुसतं ऐकून काय होतं हो म्याडम?" ते हसत विचारायचे. मलाही हसावं लागायचं.

संगीता चाकूरकडची, शेतकऱ्याची मुलगी. सुरुवातीला नुसती ओढणीचं टोक पिळत बसायची. मी घाई केली नाही, सल्ला दिला नाही. – ते मला खरंच जमायचं, बरं का. – मग एकदा ती म्हणाली, "म्याडम, मी येणारे प्रश्न बी मुद्दाम चुकवून राहिले."

तिला डॉक्टर व्हायचं नव्हतं. शेतीचं शिकायचं होतं. वडिलांसमोर बोलायची छाती नव्हती. मार्क कमी पडत गेले की ते आपणच 'पुरे' म्हणतील, असं तिला वाटत होतं. हे एकट्या नौशीनला माहीत होतं. नौशीन तिच्याच खोलीत राहायची, देगलूरची, वडिलांचं बांगड्यांचं दुकान. दोघी एका ताटात जेवायच्या. आणि आता मला माहीत झालं होतं. "इथं बोललं की लई हलकं वाटतंय," संगीता जाताना म्हणाली.

पुढचं सांगायला मी इतका वेळ का घेतेय?

संचालकांनी बोलावलं. हुशार पोरगी घसरत चाललीय, तुमच्याकडं येते म्हणे, कारण काय? आणि मी सांगून टाकलं – तिला सगळं येतंय, मुद्दाम चुकवतेय. कुणी दम दिला नव्हता. नोकरी जाणार नव्हती. गप्प राहिले असते तरी चाललं असतं. मला फक्त एकदा त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं, की ती खोली कामाची आहे. "हे बघा, आता उपयोग झाला," ते म्हणाले. आणि मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं.

संचालकांनी कळवलं, आणि दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. क्लासच्या फाटकात, सगळ्या पोरांसमोर तिला वाट्टेल ते बोलले. ती तशीच माझ्याकडं आली, डोळे सुजलेले. "नौशीननंच सांगितलं. दुसरं कोण हाय? तुम्ही तर सांगणार न्हाईत."

मी काय म्हणाले असेन? शांत आवाजात, थोडं पुढं झुकून – जसं शिकवलं जातं तसं – मी म्हणाले, "मैत्रिणीनंच विश्वास मोडला, असं तुला वाटतंय."

"हाव," ती म्हणाली, आणि रडायला लागली.

तिचंच मन तिला परत दाखवायचं, ही आमची रीतच. एक शब्द खोटा नव्हता. त्या दिवशी मी त्याच रीतीनं आळ दुसरीवर ढकलला.

आठवडाभरात नौशीन आली. "म्याडम, मी कुणाला काय बी बोलले न्हाई. ती माझ्याकडं बघून बी न्हाई राहिली. तुम्ही सांगा ना तिला, तुमचं ऐकते ती."

मी म्हणाले, या खोलीत दुसरं कुणी काय बोललं त्यावर मला बोलता येत नाही. गुप्तता पाळावी लागते.

गुप्तता! – मी हा शब्द वापरला. तिच्यासमोर.

ती खुर्चीवरून उठली. तिला कळलं असावं. "बरं," म्हणाली, आणि गेली. संगीताच्या वडिलांनी 'त्या पोरीची संगत नको' म्हणून लेकीची खोली बदलून घेतली होती. मग बाकीच्या मुलीही नौशीनशेजारी बसेनाशा झाल्या. परीक्षेआधीच ती देगलूरला परत गेली. पुढं काय झालं, मी विचारलं नाही.

गेल्या दिवाळीत नांदेडच्या बसस्टँडवर संगीता भेटली. वडिलांचा राग निवल्यावर तिला शेतीच्या कॉलेजला जाऊ दिलं होतं; आता रोपवाटिका चालवते. कुणी म्हणेल, म्हणजे चांगलंच झालं की. मीही स्वतःला तसं सांगून पाहिलंय. त्यात नौशीन कुठं बसत नाही.

"माझ्या लग्नाच्या टायमाला नौशीनचा फोन आलता," संगीता आपणहूनच म्हणाली. "मी उचलला न्हाई. पण तशी मैत्रीण परत झाली न्हाई बघा, म्याडम." मग म्हणाली, "लातुरात माझं म्हणावं असं तुम्हीच एक होतात."

तिची बस लागलेली होती, पण ड्रायव्हर अजून यायचा होता. वेळ होता. मी दोन चहा सांगितले, आणि तिला विचारलं, यंदा आंब्याची कलमं कशी गेली?